उद्यमबागेतला वेणीचा पाइप

तिसरं रेल्वे गेट ओलांडून खानापूर रोडनं पुढं निघालं की बेळगावचा वास बदलतो. टिळकवाडीतली झाडं मागं पडतात आणि फौंड्रीतल्या जळक्या वाळूचा, ग्राइंडरखाली तापलेल्या लोखंडाचा वास नाकात शिरतो. हे आपलं उद्यमबाग. पाहुणे येतात, किल्ला आणि कमल बस्ती बघतात, कुंद्याचे डबे बांधून नेतात; इकडं त्यांना कुणी आणत नाही. पण तुमच्यापैकी कितीतरी जणांचे आजोबा, काका इथंच मोल्डर नाहीतर टर्नर होते. एकदा तरी या गल्ल्यांतून चालत फिरावं असं मला मनापासून वाटतं. मी या पावसाळ्याच्या तोंडावर फिरलो ते भाच्याच्या गाडीपायी.

भाचा डर्ट ट्रॅकवर गाडी पळवतो. गाडी म्हणजे जुनी एस्टीम, एमपीएफआय इंजिनची. ती वडगावच्या घराखालच्या बोळात उभी असते आणि बोळाला लागूनच आजीची खोली आहे. दोन महिन्यांपासून सकाळी दार उघडलं की पेट्रोलचा वास यायचा. बॉनेट उघडून बघितलं, तर इंजिनकडच्या रबरी पाइपला वाकणाच्या जागी बारीक चिरा पडलेल्या. एमपीएफआय गाडीत पंप पेट्रोल साधारण तीन बार दाबानं ढकलतो. तिथं चीर वाढली तर पेट्रोल थेंबानं गळत नाही, फवाऱ्यासारखं उडतं, आणि हातभर अंतरावर एक्झॉस्ट तापलेला असतो. खाली तशी गाडी आणि शेजारच्या खोलीत झोपलेली आजी.

भाच्यानं यावर उपाय म्हणून नेटवरून स्टीलच्या जाळीचा चकचकीत पाइप मागवला होता. दिसायला देखणा, पण त्यावर एक अक्षर छापलेलं नव्हतं. आत कुठलं रबर आहे, किती दाब सोसतो, काही कळायला मार्ग नाही. "मामा, रेसिंगचा पाइप हाय ह्यो," एवढंच त्याचं म्हणणं. मी म्हटलं, चल, आधी उद्यमबागेत जाऊ.

तिथं हायड्रॉलिक होज बनवणारे एक मेस्त्री माझ्या ओळखीचे आहेत. जेसीबी, ट्रॅक्टर, कारखान्यांतले प्रेस, सगळ्यांचे फुटलेले पाइप त्यांच्याकडं येतात. दुकान दहा बाय बाराचं. मधोमध क्रिंपिंगचं मशीन, त्याचे जबडे चहूबाजूंनी मिटत येतात आणि लोखंडी टोपी पाइपवर घट्ट दाबून बसवतात. भिंतीवर खिळ्यांना नट-अडॅप्टरच्या माळा.

भाच्याची नजर कोपऱ्यातल्या जाड काळ्या पाइपवर गेली. "मेस्त्री, ह्यो किती सोसतो?"

"दोनशे बार."

"मग ह्योच दाबून द्या की. आम्हाला तीनच बार पायजे."

मेस्त्रींनी पाइपाचा एक तुकडा त्याच्या हातात दिला. "ताकदीचं सोड रे. आत काय हाय ते बघ. ह्यो तेलाचा पाइप. पेट्रोल सोडलंस तर आतनं फुगंल, मऊ पडंल, त्याचा कचरा इंजेक्टरात जाऊन बसंल. मी देत नाही."

दारात आलेलं गिऱ्हाईक सोडणारा माणूस मला नेहमीच भरवशाचा वाटतो.

त्या जाळीबद्दल जरा सांगतो. वडगाव-खासबागची मुलं मागाच्या आवाजात वाढली, म्हणून सगळ्यांना ती मागावर विणल्यासारखी वाटते. तसं नाही. गोव्यात शिगम्याला गोफ नाचतात बघा, वर बांधलेल्या दोऱ्या धरून नाचणारे एकमेकांना आतून-बाहेरून ओलांडत जातात आणि दोऱ्यांची वेणी तयार होते. पाइपाच्या मशीनवर तारांच्या रिळी अगदी तशाच फिरतात आणि मधून पाइप पुढं सरकत राहतो. ही वेणी पाइपाला दाबाखाली फुगू देत नाही, खरचटण्यापासून वाचवते. पण पेट्रोल अडवणं हे तिचं काम नाही. ते काम आतल्या अस्तराचं. उलट साध्या रबराला पडलेली चीर डोळ्यांना दिसते, जाळीखाली ती झाकून जाते. म्हणून बिनछापाचा चकचकीत पाइप मला साध्या चांगल्या पाइपापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो.

त्यात पेट्रोलही पूर्वीचं राहिलं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळुरूत वीस टक्के इथेनॉलच्या ई-२० पेट्रोलची सुरुवात झाली, आणि आता ते गावोगावच्या पंपांवर आहे. जुन्या गाड्यांची रबरं त्यासाठी केलेली नव्हती. पर्याय दोन. एक, इंजेक्शनच्या गाडीसाठीचा रबरी पाइप. त्यावर '३०आर९' असं छापलेलं असतं. ('३०आर७' छापलेला कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठी, तो इथं चालत नाही.) दुसरा, आतून पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, वरून स्टीलची वेणी. त्याला इथेनॉल काही करत नाही आणि त्यातून पेट्रोलचा वासही झिरपत नाही. मात्र पेट्रोलसाठी घ्यायचा तर आतलं अस्तर काळं, कार्बन मिसळलेलं हवं, कारण वाहत्या पेट्रोलनं स्थिर वीज साठते. हा पाइप वाकायला ताठ असतो, जबरदस्तीनं मुडपला की कायमचा दबतो. रोजच्या गाडीला माझं मत सरळ आर९ ला. भाच्याची गाडी ट्रॅकवर दगडमातीत आपटते आणि एरवी आजीच्या खोलीशेजारी उभी राहते, म्हणून आम्ही काळ्या अस्तराचा पीटीएफई पुण्याहून मागवला.

तोही टाकीपासून इंजिनापर्यंत नाही. गाडीखालून जाणारी कंपनीची लोखंडी नळी गंजलेली नव्हती, ती तशीच ठेवली. बदलले ते दोन्ही टोकांचे रबरी तुकडे, सगळे मिळून दीड मीटरसुद्धा नाही.

सांध्यांना मेस्त्रींची विद्या कामी आली. रेसिंगच्या फिटिंगला एएन म्हणतात. एएन-६ म्हणजे सोळांशाचे सहा, तीन-अष्टमांश इंच. आटे ९/१६ इंचाचे, इंचाला अठरा, आणि बसणीचा कोन ३७ अंश. हायड्रॉलिकच्या जेआयसीचाही कोन तोच, त्यामुळं मेस्त्रींना नवं काही शिकावं लागलं नाही. गाड्यांच्या ब्रेकच्या नळ्यांना बहुधा ४५ अंश असतो. दोन्हींची गल्लत केली की नट घट्ट बसतो आणि सांधा गळतो. आट्यांवर टेप गुंडाळायलाही त्यांनी मनाई केली. सील कोनावर होतं, आट्यांवर नाही, आणि टेपाची चिंधी सुटली तर थेट इंजेक्टर गाठते.

कापताना वेणीवर आधी चिकटपट्टी घट्ट गुंडाळून पट्टीवरूनच पातळ डिस्कनं कापलं, नाहीतर तारा फुलारतात आणि बोटांत शिरतात. मग हवेनं फुंकून कचरा काढला. वेणीखाली पितळी ऑलिव्ह सरकवून टोपी आवळली. पाइपाचं एक टोक बंद करून सहा बार हवा भरली आणि तो पाण्याच्या टबात बुडवला. बुडबुडा आला नाही.

गाडीवर बसवण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे दाब उतरतो. मग बॅटरीची तार सोडली. शेजारी अग्निशामक सिलिंडर ठेवला होता. पाइप थोडा सैल ठेवला, कारण इंजिन माउंटिंगवर हलतं. बसवून झाल्यावर नुसती चावी फिरवून पंप चार-पाच वेळा चालवला आणि प्रत्येक सांध्याला टिश्यू लावून बघितला.

खरी परीक्षा घाटात. जांबोटी, मलप्रभेचा उगम असलेलं कणकुंबी, मग चोर्ला उतरून खाली केरी. चहा घेऊन तसेच माघारी वळलो. केरीहून वर येताना इंजिन रडतं, आणि माथ्यावर थांबलं की वारा बंद झाल्यानं बॉनेटखालची धग आणखी वाढते. तिथंच बॉनेट उघडलं. सांधे कोरडे, वास नाही. पण एका वळणावर पाइप वायरिंगला टेकत होता, आणि तेवढ्या प्रवासात स्टीलच्या वेणीनं वायरीवरचं प्लास्टिक पांढुरकं केलं होतं. ती कानशीच असते. भाच्यानं डिकीतून रबर लावलेली क्लिप काढली, पाइप दोन बोटं बाजूला घेऊन बांधला. धुकं उतरायला लागलं होतं. मी टॉर्च धरून उभा राहिलो आणि त्यानं उरलेले सगळे सांधे पुन्हा एकदा हातानं चाचपले.