फुगवण

युरिया टाकला की चार दिवसांत पिकाला काळोखी येते आणि बांधावरून जाणारा थांबून विचारतो, "काय टाकलंत?" पोटॅश टाकल्यावर कुणी थांबत नाही. त्याचं काम मातीखाली चालतं. सातगाव पठारावर खरिपाचा बटाटा करताना मी पाल्याइतकंच या न दिसणाऱ्या कामाकडे लक्ष देतो.

पानात तयार झालेली साखर कंदापर्यंत पोचवायची आणि तिथं तिचा स्टार्च व्हायचा, या दोन्हींना पालाश, म्हणजे पोटॅशमधलं अन्नद्रव्य, लागतो. पानांच्या रंध्रांची उघडझापही त्याच्याच जोरावर चालते. म्हणून पावसानं ओढ दिली तरी पालाश पुरेसा मिळालेलं झाड लवकर मान टाकत नाही. बटाटा जमिनीतून नत्रापेक्षाही पालाश जास्त उचलतो.

कमतरता ओळखायची तर वाकून खालची पानं बघावीत. झाड जुन्या पानांतला पालाश काढून शेंड्याला देतं, त्यामुळे खालच्या पानांच्या कडा आधी तपकिरी होऊन वाळतात आणि पान खाली वळतं. पुष्कळदा हा करपा समजून फवारणी होते. उशिराच्या करप्याचा डाग पाणी लागल्यासारखा दिसतो; दमट सकाळी पान उलटलं की डागाच्या कडेला पांढरी बुरशी सापडते. पालाशाच्या कमतरतेत अशी बुरशी नसते. अशा शेतातले कंद लहान राहतात आणि हाताळणीत मार बसला की सालीखाली काळे पडतात.

हेक्टरी १०० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, १२० किलो पालाश ही आपल्याकडची शिफारस. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश असतो, म्हणजे एकरी ८० किलो खत झालं. ते लागवडीच्या वेळीच सरीत द्यावं. चिप्ससाठी बटाटा करायचा असेल तर मी सल्फेट ऑफ पोटॅश वापरतो, कारण म्युरेटमधल्या क्लोराइडनं कंदातला कोरडा अंश घटतो. पालाशाचा अतिरेकही नको. कंद पाणी धरतो आणि पिकाला मॅग्नेशियम कमी मिळतं.

पोटॅश जवळजवळ सगळा परदेशातून येतो. भाव चढले की खर्चाची पहिली कात्री त्यालाच लागते, कारण पाला तर हिरवाच दिसत असतो. ती कात्री लावण्याआधी माती तपासून घ्यावी. जमिनीत पालाश भरपूर निघाला तर खुशाल कमी टाकावा. कमी निघाला तर युरियाची एखादी गोणी कमी करावी, पण पोटॅश सोडू नये. बाजारात पैसे कंदाच्या वजनाचे मिळतात.