उभी गाडीही खाते

धाकटा भाऊ मोमिनपुऱ्यातून जुनी टेम्पो ट्रॅव्हलर चालवतो. मामूंच्या मुलाच्या वलीम्यासाठी अकोल्याला निघायचे होते, तर हा ओळखीच्या मालकाची फोर्स अर्बेनिया घेऊन दारात हजर. म्हणाला, "भाईजान, बसून बघा. घ्यायचा विचार आहे."

अम्मी पहिल्यांदाच न वाकता सीटपर्यंत गेली. गुडघेदुखी असलेल्या माणसालाच याची किंमत कळते. प्रत्येकाच्या डोक्यावर एसीची हवा, मागे झुकणाऱ्या सीटा, आवाज कमी. तेव्हाच्या बजाज टेम्पोने 1987 मध्ये मर्सिडीजच्या गाडीवरून ट्रॅव्हलर आणली. त्यावर आपल्या कितीतरी वराती गेल्या. अर्बेनिया मात्र नव्याने घडवलेली आहे. चासीवर वेगळी बॉडी नाही, सगळा सांगाडा एकसंध. चारही चाकांना डिस्क ब्रेक, 2.6 लिटरचे डिझेल इंजिन.

जाऊन-येऊन 500 किलोमीटर झाले. टाकी भरून मोजले, 50 लिटर डिझेल लागले. लिटरला 90 रुपये धरले तर साडेचार हजार. आम्ही तेराजण, म्हणजे माणशी साडेतीनशे. भाऊ खूश झाला. "बघा, परवडते!"

घरी आल्यावर मी वहीचे मागचे पान उघडले. सप्टेंबर 2025 मध्ये अशा गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, तरी रस्त्यावर येईपर्यंत 30 लाख धरावे लागतात. भावाकडे 8 लाख. उरलेल्या 22 लाखांचे पाच वर्षांचे कर्ज 10 टक्क्यांनी काढले तर हप्ता 47 हजारांच्या घरात, आणि नुसते व्याजच 6 लाखांच्या वर. विमा, कर, टायर, सर्व्हिसिंग यांसाठी महिन्याला 23 हजार बाजूला. झाले 70 हजार, एकही किलोमीटर न चालता.

महिन्यात पंधरा दिवस भाडे मिळाले तर त्या प्रत्येक दिवसावर 4,700 रुपयांचे ओझे. डिझेल आणि टोल वेगळे. रमजानमध्ये आपल्याकडे लग्ने नसतात, मुहर्रममध्येही नाहीत. पावसाळ्यात सहली बंद. हप्ता मात्र ना चाँद बघतो, ना पाऊस.

व्याजाचा विषय मी काढला नाही. तो भावानेच काढला आणि गप्प झाला. त्या 8 लाखांत अम्मीच्या हजचे पैसेही होते. हे तिने त्याला स्वतःहून दिले होते, मला न सांगता.

अम्मी कोपऱ्यात तसबीह फिरवत ऐकत होती. म्हणाली, "तुझे अब्बा ऑटो चालवायचे. ते म्हणायचे, चालती गाडी पेट्रोल खाते, उभी गाडी माणूस खाते."

दुसऱ्या दिवशी भावाने गाडी मालकाला परत केली. मोठी ऑर्डर आली की तीच गाडी दिवसाच्या भाड्याने घ्यायची, असे मालकाशी ठरवून आला. ट्रॅव्हलरला त्याने नवे सीट कव्हर लावले आहेत, आणि दारात अम्मीसाठी एक खालची पायरी बसवून घेतली आहे.

हजचे पैसे त्याने तिच्या हातात ठेवले, तेव्हा ती म्हणाली, "गाडी छानच होती रे."