ताइआरोआच्या कड्यावरील दीर्घायुषी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील डनेडिन शहरातून निघालेला रस्ता बंदराच्या पाण्याला खेटून वळणे घेत ओटागो द्वीपकल्पाच्या टोकापर्यंत जातो. सुमारे तीस किलोमीटरची ही वाट जिथे संपते, तो समुद्रात घुसलेला उंच कडा म्हणजे ताइआरोआ हेड. माओरी लोक त्याला पुकेकुरा म्हणतात. येथे १८६४ पासून दीपगृह उभे आहे. रशियन आरमाराच्या धास्तीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवलेली, गोळा झाडल्यावर पुन्हा जमिनीच्या पोटात उतरणारी तोफही येथे पाहायला मिळते. मात्र देशोदेशीची माणसे येथे येतात ती गवतावर शांत बसलेल्या शुभ्र पक्ष्यांसाठी.

हा रॉयल अल्बाट्रॉस. माओरी भाषेतील तोरोआ. पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे तीन मीटर भरतात. आयुष्याचा बहुतेक काळ तो समुद्रावरच घालवतो आणि जमिनीला पाय लावतो तो केवळ वीण करण्यासाठी. त्याची घरटी एरवी दूरच्या निर्जन बेटांवर असतात. मनुष्यवस्तीच्या इतक्या जवळ त्याने संसार मांडला, तो या एका कड्यावर.

मुलांकडे न्यूझीलंडला जाणाऱ्या ज्येष्ठांनी सवड काढून येथे अवश्य यावे. पक्षी पाहण्याच्या काचबंद दालनापर्यंत चढाची पायवाट आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी तेथील कर्मचाऱ्यांना आधीच विचारून घ्यावे. वारा बोचरा असतो, म्हणून कानटोपी आणि वारा अडवणारा कोट जवळ हवाच. पण याच वाऱ्यावर हे जड पक्षी पंख न हलवता तरंगतात. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत, विणीच्या आरंभी, हे दालन बंद असते.

नोव्हेंबरच्या सुमारास मादी एकच अंडे घालते. ते उबवायला सुमारे अकरा आठवडे लागतात आणि नर-मादी पाळीपाळीने घरट्यावर बसतात. एक जण उपाशीपोटी अंडे सांभाळतो, तेव्हा दुसरा दूर समुद्रात अन्न शोधतो. तो परतला की पहिला मोकळा होतो. आजारी माणसाच्या उशाशी पाळीने बसणाऱ्या घरांना ही रीत परकी वाटू नये. बसलेल्याची भिस्त गेलेल्याच्या परतण्यावर असते. पिल्लू घरट्याबाहेर पडायला आणखी आठ महिने जातात. म्हणून जोडप्याचे पुढचे अंडे दोन वर्षांनी येते.

या कड्यावरची सर्वांत प्रसिद्ध मादी ‘ग्रँडमा’, म्हणजे आजी, या नावाने ओळखली जाई. १९३७ मध्ये तिच्या पायात ओळखीचे कडे घातले, तेव्हाच ती प्रौढ होती. १९८९ मध्ये ती अखेरची दिसली, त्या वेळी तिचे वय साठीपुढे गेले असावे. कडे घालणारे लान्स रिचडेल हे डनेडिनमधील शिक्षक. त्याआधी येथली अंडी कधी चोरीला जात, कधी फुटत. रिचडेल यांनी कड्यावर मुक्काम करून घरट्यांची राखण केली आणि १९३८ मध्ये येथून पहिले पिल्लू सुखरूप उडाले.

आज खरा धोका कड्यावर नाही, तो समुद्रात आहे. ट्यूनासारख्या माशांसाठी नौका कित्येक किलोमीटर लांबीचा दोर सोडतात. त्याला आमिष लावलेले हजारो गळ असतात. गळ बुडण्याआधी पाण्यावर दिसतो, पक्षी आमिषावर झेपावतो आणि दोराबरोबर खाली ओढला जाऊन बुडतो. मोठ्या जाळ्यांच्या नौकांवर ताणलेल्या तारांना धडकूनही पक्षी मरतात. सात-आठ वर्षांनी वयात येणाऱ्या आणि दोन वर्षांत एकच पिल्लू वाढवणाऱ्या पक्ष्याची ही हानी लवकर भरून येत नाही. शिवाय एक गेला की घरट्यावर वाट पाहणाऱ्यालाही भुकेने उठावे लागते आणि अंडे थंड पडते.

यावरील उपाय मात्र साधे आहेत. दोर रात्री सोडावा, गळ लवकर बुडावा म्हणून त्याला वजन बांधावे आणि नौकेच्या मागे रंगीत फितींची दोरी फडकत ठेवावी. फितींची युक्ती जपानी मच्छीमारांची. ‘तोरी’ म्हणजे जपानी भाषेत पक्षी, म्हणून तिला ‘तोरी लाइन’ म्हणतात. पक्षी बिचकतो, आमिष वाचते, मच्छीमाराचेही नुकसान टळते. नामिबियात २०१५ पासून अशा फिती बंधनकारक झाल्या. तेथील समुद्रतळाशी दोर सोडणाऱ्या नौकांवर होणारे समुद्रपक्ष्यांचे मृत्यू दशकभरात सुमारे ९८ टक्क्यांनी घटले. वॉल्विस बे येथील स्त्रियांचा एक गट या फितींच्या दोऱ्या बनवतो. पक्षी वाचतात आणि त्या घरांच्या चुलीही पेटतात.

ताइआरोआवर रिचडेल यांची राखण आता निसर्गरक्षक पुढे चालवतात. उन्हाळ्यात ऊन तापले की ते घरट्यांजवळ पाण्याचे फवारे सोडतात. धोक्यातील अंडे उबवणी यंत्रात ठेवून तोवर घरट्यात नकली अंडे ठेवतात. एकट्या पडलेल्या पालकाचे पिल्लू अर्धपोटी राहिले तर त्याला हाताने भरवतात. ज्यांना प्रवास झेपणार नाही, त्यांना ही देखभाल घरबसल्या पाहता येते: न्यूझीलंडच्या निसर्गसंवर्धन विभागाने २०१६ पासून एका घरट्यावर कॅमेरा लावला असून त्याचे थेट चित्रण इंटरनेटवर दिसते. नातवंडांना शेजारी बसवून पाहावे, असेच ते आहे.

सप्टेंबरच्या आसपास एखाद्या वाऱ्याच्या दिवशी पिल्लू पंख उघडते आणि कड्यावरून निघून जाते. पॅसिफिक ओलांडून ते दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचते. पुढची काही वर्षे त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. मग एके दिवशी ते याच कड्यावर उतरते, चालण्याची सवय मोडलेल्या पायांनी अडखळत. मधल्या वर्षांत कोणताही रक्षक त्याच्या सोबतीला नसतो. ते परत येईल की नाही, हे हजारो मैल दूर कुणा अनोळखी मच्छीमाराने आपल्या नौकेमागे फिती बांधल्या होत्या की नाही, यावर ठरते.