अप्पांची कानटोपी

बेळगावची थंडी म्हणजे आम्हा टिळकवाडीकरांच्या कौतुकाचा विषय. त्या थंडीत पहाटे पाचला फिरायला जाणारे आमचे अप्पा म्हणजे साऱ्या घराचा अभिमान! आई धारवाडची. ती रोज दारातून म्हणे, "भाळ थंडी ऐत्रि, बिसल बंद म्याल होग्री." थंडी फार आहे, ऊन आल्यावर जा. अप्पा हसून निघत, आणि मीही त्यांचीच बाजू घेई.

गेल्या जानेवारीत ते अर्ध्या वाटेवरून परतले. छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतंय म्हणाले. घामही फुटला होता. मी पित्त समजून आल्याचा रस दिला. त्यात पाऊण तास गेला. ईसीजी काढला, तर हृदयविकाराचा झटका!

डॉक्टरांनी समजावलं. थंडीत अंगातली ऊब राखण्यासाठी रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. रक्तात गुठळी होण्याचा धोकाही वाढतो. तरुण हृदय हे सोसतं. आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांना ते जड जातं.

अप्पा वाचले. आता ते आठनंतर, कानटोपी घालून, आधी घरातच हातपाय हलवून निघतात. रक्तदाबाची गोळी चुकवत नाहीत. छातीत दुखलं तर घरगुती उपाय नाही, थेट 108, हे आम्ही फोनशेजारी लिहून ठेवलंय, मराठीत आणि कन्नडमध्येही.

आईचं मात्र एकच म्हणणं, "अगं, 'थंडी' हा शब्द तर दोन्हीकडे एकच होता ना? मग तुम्हा बापलेकींना कळला कसा नाही?"