उकिरड्याचे पांग

'बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात' ही म्हण मी वर्गात वीस वर्षे शिकवीत आलो. पण असा उकिरडा डोळ्यांनी पाहण्याचा योग आला तो यंदाच, आणि तोही एका विद्यार्थ्यामुळे. "सर, आमच्या घरापासून जवळच आहे. येता का?" तो म्हणाला. त्याचे घर धारावीला.

रविवारी सकाळी शीव स्थानकावर उतरलो. तो न्यायला आलाच होता. मालमोटारींच्या गदारोळातून धारावी आगारासमोरच्या फाटकाशी आलो. आत पाऊल टाकले आणि सारा कलकलाट मागे राहिला. महाराष्ट्र निसर्ग उद्यान! सुमारे ३७ एकरांची ही जागा. एके काळी मुंबईचा कचरा इथे येऊन पडे. १९८३ साली पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हातून इथे पहिले झाड लागले आणि १९९४ साली उद्यान लोकांना खुले झाले. म्हणीतल्या बारा वर्षांहून एक कमीच! आज तिथे गर्द सावली आहे, फुलपाखरे आहेत. पलीकडे मिठी नदी आणि तिच्या काठची तिवरे.

"काय रे, फिटले की नाही पांग?" मी कौतुकाने विचारले.

"उकिरड्याचे फिटले, सर. पण कचरा गेला कुठे?"

मी गप्प झालो. त्याची मावशी गोवंडीला राहते. शेजारच्या देवनारला १९२७ सालापासून शहराचा कचरा पडत आला; त्याचे डोंगर झाले. २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली, तेव्हा त्या भागातल्या पालिका शाळांना सुट्टी द्यावी लागली. आम्ही दोन दिवस खिडक्या लावून घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी विसरलो.

"मावशीकडे धूर काही एकदाच आला नाही, सर," तो शांतपणे म्हणाला.

केर आमचा आणि डोंगर तिच्या दारात! हा हिशेब मला कधी सुचलाच नव्हता.

काल घरी दिवाळीची आवराआवर चालली होती. मी केराचा डबा पुढ्यात घेऊन ओला-सुका वेगळा करीत बसलो. सौभाग्यवती हसून म्हणाल्या, "इतक्या वर्षांत डबा कुठे असतो ते ठाऊक नव्हते. आज काय हरवले?"

"हरवले नाही," मी म्हणालो. "हा कुणाच्या दारात जातो, ते नुकते कळले."

त्या हसायच्या थांबल्या आणि माझ्यासमोर बसून फुलांचे निर्माल्य निराळे काढू लागल्या.