गोड्या पाण्याची साय

मालवणला निघालेल्या माणसाला सगळे मासे, सोलकढी आणि खाजे यांच्याबद्दल सांगतात. पाण्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मलाही कोणी सांगितले नव्हते, आणि त्यापायी यंदाच्या मे महिन्यात मी माझ्या नणंदेच्या घरी जो घोटाळा करून ठेवला, तो आठवला की अजून कानकोंडे व्हायला होते.

नणंद देवबागला असते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी, असे ते गाव. बेटच म्हणा ना! मागच्या पडवीत उभे राहावे तर नदी, पुढच्या खळ्यात यावे तर लाटांचा आवाज. घर जुन्या पद्धतीचे, जांभ्या चिऱ्याचे. वर उतरते मंगलोरी कौलांचे छप्पर, माजघरात उजेडासाठी एक काचेचे कौल. (ही कौले बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला १८६५ साली पहिल्यांदा केली आणि सारा किनारा त्यांनी शाकारला गेला.) दुपारी बाहेर अंगाची लाही होत असली, तरी ओटीवर चटई टाकून पडले की पंखा लागत नाही. आम्ही कोल्हापुरात हौसेने स्लॅबचे घर बांधले आणि आता एप्रिल-मेमध्ये गच्चीवर पाणी मारत बसतो!

तिने परसात पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या आहेत. मे महिना म्हणजे तिचा कमाईचा हंगाम. त्या दिवशी ती मासळी आणायला मालवणला गेली. जाताना म्हणाली, "वहिनी, दहा वाजता पंप लावा, पण पंधरा मिनिटंच हं. टाकी अर्धी झाली की बंद." मी मान डोलावली. पण आम्ही पंचगंगेच्या काठची माणसे. नळाला पाणी आहे तोवर घागरी, पिंपे, पातेली सगळे भरून घ्यायचे, हीच आमची शिस्त. टाकी भरली. म्हटले, आता पंप चालूच आहे तर पाहुण्यांच्या चादरी धुऊन टाकू. मग खळे धुतले. मग आळ्यांना पाणी सोडले. दीड-दोन तास पंप चालला आणि मी स्वतःवर खूष होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा फाटला. दूध नासले असेल म्हणून दुसरे आणवले, तर तेही तसेच. दुपारी कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या तरी डाळ बोटाला टचटचीत. साबणाला फेस येईना. शेवटी नणंदेने विहिरीचे पाणी जिभेवर घेतले आणि तिचा चेहराच उतरला. पाणी मचूळ झाले होते.

खोलीत पुण्याचे एक कुटुंब होते, ते दोन दिवस आधीच सामान बांधून गेले. नणंदेचे यजमान स्कूटरवर कॅन बांधून लांबच्या विहिरीवरून पाणी आणू लागले. नणंद मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते!

तिच्या सासूबाई मात्र मिस्कील. त्यांना मी मावशी म्हणते. त्या म्हणाल्या, "चल गो, तुका किल्लो दाखवतंय." त्यांची एक चुलत भावजय सिंधुदुर्ग किल्ल्यात राहते. हो, किल्ल्यात आजही थोडी कुटुंबे राहतात. मालवणच्या जेटीवरून होडीत बसलो. मी शहाण्यासारख्या पाण्याच्या तीन बाटल्या भरून घेतल्या होत्या. मावशी हसल्या, पण काही बोलल्या नाहीत.

कुरटे बेटावरचा हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात बांधायला घेतला आणि तीन वर्षांत पुरा केला. क्षेत्र सुमारे अठ्ठेचाळीस एकर. १८१२ साली कोल्हापूर दरबाराने तो इंग्रजांना दिला, म्हणजे एका परीने तो आमच्याही गावचा! दरवाजा असा वळणात दडवलेला की होडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. आत राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. युनेस्कोने २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात हाही आहे. हे सारे तिथला गाईड तुम्हाला सांगेलच. मी तुम्हाला तीन विहिरींकडे नेणार आहे.

दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चारी बाजूंना खारा समुद्र, आणि या तिन्ही विहिरींचे पाणी गोडे! भावजयबाईंनी दोर सोडून कळशी भरली आणि माझ्या ओंजळीत ओतली. दोन दिवस मचूळ पाण्याचा चहा प्यालेल्या मला ते खरोखर साखरेसारखे लागले. मी म्हटले, "चमत्कारच म्हणायचा हा."

"चमत्कार कसलो?" मावशी म्हणाल्या. "पावसाचा पाणी असा ह्या. दर्याचा नाय."

मग त्यांनी आणि घरी आल्यावर नणंदेच्या मुलाने (तो बारावीला शास्त्र शाखेत आहे) मिळून मला जे समजावले, ते आपल्या भाषेत सांगते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा थोडे हलके. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, दुधावर साय धरते ना, तसा. ही साय मध्यभागी जाड, कडेला पातळ. समुद्राच्या पातळीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस फूट असते. ऐकायला छान वाटते, पण उलटाही हिशेब आहेच. विहिरीतून भसाभस उपसून वरची पातळी उतरवली की खालचे खारे पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढते. दोर-कळशीने काढणाऱ्या बाईचे हात दुखतात, ती थांबते, तेवढ्यात पाणी सावरते. पंपाचे हात दुखत नाहीत.

"बावीक पण इसावो होयो," मावशी म्हणाल्या. मी खाली मान घातली.

भावजयबाईंच्या घरात मग काय पाहू आणि काय नको असे झाले. मीठ, तेल, सिलिंडर सगळे होडीने येणार, आणि पावसाळ्यात होड्या बंद. म्हणून मेमध्येच आगोटीची तयारी. सुकी मासळी, आमसुले, भाजका मसाला, फणसाचे पापड डब्यात बंद. चुलीसाठी सोडणे, करवंट्या आणि झावळ्या माळ्यावर कोरड्या ठेवलेल्या. झावळीच्या हिरांचे खराटे, तिच्याच विणलेल्या झापांचा आडोसा. न्हाणीचे पाणी पन्हळीने थेट केळीच्या बुंध्याशी. आपल्याकडे हल्ली यालाच पर्यावरणपूरक घर म्हणून मोठमोठी नावे देतात. बाईंना नाव माहीत नव्हते. भांडी घासायला त्यांना किती थोडे पाणी लागते, ते मात्र मी टक लावून पाहत राहिले.

परतताना होडीत वाचलेले आठवले. व्हेनिस हे असेच पाण्यातले शहर. तिथे गोडे पाणी नव्हतेच. म्हणून चौकाचौकांत खाली चिकणमातीचे अस्तर लावून, त्यात वाळू भरून पावसाचे पाणी गाळून साठवायचे. १८८४ साली नळाचे पाणी येईपर्यंत लोक त्यावरच अवलंबून होते.

घरी आल्यावर मी नणंदेला ही गोष्ट सांगितली आणि कान धरले. ती हसली, पण म्हणाली, "वन्सं म्हणून ऐकून घेतलं हो वहिनी, आता कामाला लागा." मग आम्ही दोघींनी पन्हळी शोधल्या. कौलांच्या पागोळ्यांचे पाणी एका जागी आणून विहिरीजवळच्या खड्ड्यात सोडायचे. खड्ड्यात खाली दगडगोटे, त्यावर जाडी खडी, वर वाळू. पहिल्या दोन पावसांचे पाणी मात्र बाहेर जाऊ द्यायचे, कौलांवर वर्षभराची धूळ आणि पाखरांची घाण असते. पंप सकाळी पंधरा मिनिटे, संध्याकाळी पंधरा मिनिटे. मुलाने पाहुण्यांच्या खोल्यांत पाटी लावली. मजकूर मीच सांगितला.

मी कोल्हापूरला परतले. मिरगाचा पाऊस यंदा वेळेवर लागला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नणंदेचा फोन आला. मागे पावसाचा एवढा आवाज की नीट ऐकू येईना. मी विचारले, "विहीर काय म्हणते?"

"वहिनी," ती ओरडून म्हणाली, "आज तीन शिट्ट्यांत वरण!"