पत्रं लिहिणारा वजीर
१४७२ साली बेळगावच्या किल्ल्याचा तट सुरुंगांनी फुटला. त्या वेढ्यामागचं डोकं बहामनी वजीर महमूद गावानचं. हा माणूस फारसीत कविता करायचा, हेरातच्या कवी जामीशी त्याचा पत्रव्यवहार होता आणि पत्रं कशी लिहावीत यावर त्याने ‘मनाझिर-उल-इन्शा’ नावाचा ग्रंथच लिहिला. किल्ल्यात गेलं की लोक कमल बस्ती दाखवतात, सफा मशीद दाखवतात; गावान फारसा कुणाच्या बोलण्यात येत नाही. वेढ्याचं कौतुक मलाही करवत नाही, कारण तटाखाली मेलेल्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. मला ओढ आहे ती त्याच्या कारभाराची.

तो मूळचा इराणातल्या गिलानचा. १४५३ च्या सुमारास व्यापारी म्हणून दाभोळ बंदरात उतरला, बीदरला पोचला आणि दरबारात चढत वजीर झाला. दरबार दुभंगलेला होता: एकीकडे इथे रुजलेले दख्खनी, दुसरीकडे समुद्रापलीकडून आलेले आफाकी. गावान स्वतः आफाकी, तरी मोठी पदं त्याने दोन्ही गटांत सारखी वाटली. राज्याच्या चार तरफांचे, म्हणजे प्रांतांचे, आठ केले, जमिनी मोजायला लावल्या आणि प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीचे सुलतानाच्या ताब्यात घेतले. बीदरला मदरसा बांधला. त्याचा निळ्या फरश्यांनी मढवलेला मिनार आजही उभा आहे.

आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून ‘तुम्ही कुठले’ हा प्रश्न शाळेच्या दाखल्यापासून दुकानाच्या पाटीपर्यंत माणसाची पाठ सोडत नाही. बेळगाव काय, निपाणी काय, तीच गत. इथे वाढलेल्याला गावानने केलेल्या पदांच्या त्या वाटणीचं मोल लगेच कळतं. सत्ता हातात असताना आपल्याच माणसांना निम्म्यावर थांबवायला मोठी छाती लागते.

किल्ले गेलेले सरदार गप्प बसले नाहीत. मोहोर सांभाळणाऱ्याला फितवून त्यांनी कोऱ्या कागदावर वजिराचा शिक्का उठवून घेतला आणि ओडिशाच्या राजाला स्वारीचं आमंत्रण देणारा मजकूर त्यावर लिहिला. ५ एप्रिल १४८१. कोंडापल्लीची छावणी, दारूच्या नशेतला सुलतान महंमद तिसरा. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की गावानने मोहोर आपली म्हणून कबूल केली, पत्र नाकारलं. चौकशी झालीच नाही. सत्तरी ओलांडलेल्या वजिराचं डोकं उडवलं गेलं. जन्मभर एकेक शब्द तोलून पत्रं लिहिणारा माणूस एका बनावट पत्रापायी मारला गेला, याचा मला अजून संताप येतो.

मागे फारशी दौलत सापडली नाही. घरखर्च तो व्यापाराच्या नफ्यातून चालवायचा; जहागिरीचं उत्पन्न सैन्यावर आणि गोरगरिबांवर जायचं. सुलतान वर्षभरातच वारला. पण त्याआधीच बडे सरदार त्याच्या तळापासून दूर डेरे टाकू लागले होते. त्यांत आफाकी युसूफ आदिलखान होता, तसा दख्खनी फतेहुल्ला इमादुल्मुल्कही होता.